चाकोरीत न मावणारी गाडी

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता बहुतेक वेळा माणसांच्या आयुष्याबद्दल वापरतो. मुळात तो बैलगाडीचा शब्द. त्याच वाटेने वर्षानुवर्षं गाड्या गेल्या की मातीत दोन खोल रेघा पडतात, त्या चाकोऱ्या. गाडीवानाला त्या सोयीच्या असतात, कारण गाडी एकदा चाकोरीत पडली की कासरा सैल सोडला तरी चालतो. पण त्याच वाटेने दुसऱ्या मापाचं वाहन आणून पाहा. चाकांमधलं अंतर जुळत नाही, एक चाक घळीत जातं, दुसरं मधल्या उंचवट्यावर चढतं आणि आख्खं वाहन कलतं.

१९३५ सालच्या सुरुवातीला दोन इंग्रज तरुणी नेमक्या याच अडचणीशी झटत सहारा वाळवंटातून दक्षिणेकडे चालल्या होत्या. वाळूत चाकोऱ्या होत्या त्या मालवाहू ट्रकच्या. या दोघींकडे होती एक मोटारसायकल, तिच्या कुशीला साइडकार आणि मागे सामानाचा ट्रेलर. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन ११ डिसेंबर १९३४ रोजी लंडनहून निघाल्या. आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला, केपटाउनला पोहोचायचं होतं. बरोबर मदतीची दुसरी गाडी नव्हती आणि होकायंत्रही नव्हतं.

त्यांच्या धाडसाचं कौतुक पुष्कळ झालं आहे, ते योग्यच आहे. या प्रकरणात मात्र आपण खाली, चाकांकडे बघणार आहोत. रस्ता संपतो तिथे गाडीचं आणि जमिनीचं नेमकं काय चालतं? इंजिन का थकतं? आणि अशा वाटेवर सोबतीला दुसरं माणूस असण्याचा उपयोग गप्पांपलीकडे काय असतो?

ताशी १०० मैल ते ताशी १० मैल

लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानावर एक मानाचं पदक मिळे, गोल्ड स्टार. शर्यतीत एक फेरी ताशी १०० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने पुरी केली की ते पदक. मोटारसायकलवर हा मान मिळवणाऱ्या स्त्रिया तिघीच. बिआट्रिस शिलिंग आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन यांनी तो १९३४ मध्ये मिळवला, थेरेसा वॉलॅकने १९३९ मध्ये. आफ्रिकेला निघाल्या त्या दोघी हौशी सहलकरी नव्हत्या, हे यावरून कळावं. थेरेसाचा जन्म १९०९चा. तिने इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं होतं आणि हातात पाना धरण्याचं तिला वावडं नव्हतं. पुढे कामी आला तो हाच गुण. ब्रुकलँड्सच्या काँक्रीटवर कमावलेला वेग सहारात शून्य किमतीचा होता.

त्यांची गाडी पँथर. यॉर्कशरमधल्या क्लेकहीटन गावच्या फेलन अँड मूर कंपनीने बनवलेली, ६०० सीसीची, एकाच सिलिंडरची. या गाडीची ठेवण मजेदार होती. बहुतेक मोटारसायकलींत सांगाड्याची एक नळी इंजिनाच्या पुढून खाली उतरते. पँथरमध्ये ती नळीच नसे. पुढे कललेलं लांबुळकं सिलिंडरच त्या नळीचं काम करी. म्हणजे इंजिन सांगाड्यात बसवलेलं नव्हतं, ते सांगाड्याचा भाग होतं. पिस्टनचा फेरा लांब, फिरणं संथ आणि ओढ दांडगी. इंग्लंडात कित्येक कुटुंबं मोटार परवडत नसल्याने साइडकार वापरत आणि ती ओढायला पँथरला पसंती असे. तिच्या इंजिनाचा ठोका दर विजेच्या खांबाला एकदा पडतो, अशी थट्टाही होई.

ठिणगीसाठी इंजिनाबरोबर फिरून स्वतः वीज तयार करणारा मॅग्नेटो होता, त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी चालू होई. मागच्या चाकाला मात्र स्प्रिंग वा शॉकअब्सॉर्बर असं काहीही नव्हतं. बसणारीच्या पाठीला जे काही संरक्षण होतं, ते सीटखालच्या स्प्रिंगांचं आणि टायरमधल्या हवेचं.

सगळंच वाळू नसतं

सहारा म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरच्या या मुलखात अशा वाळूच्या समुद्राचा वाटा फार तर चौथाई. तिथले लोक त्याला ‘एर्ग’ म्हणतात. बाकीचा सहारा म्हणजे रेव पसरलेली सपाट मैदानं, म्हणजे ‘रेग’, आणि उघडे कातळी माळ, म्हणजे ‘हमादा’. गाडी चालवणाऱ्याला खरा त्रास कोणत्याही एका प्रकाराचा नसतो. त्रास असतो तो दर काही मैलांनी जमीन बदलण्याचा. रेतीत चालणारी युक्ती दगडांवर गाडी मोडते आणि दगडांवरची युक्ती रेतीत गाडी रुतवते.

मोटारींनी सहारा पहिल्यांदा ओलांडला तो १९२२–२३च्या हिवाळ्यात. सित्रोएन कंपनीच्या गाड्या १७ डिसेंबरला तुगुर्तहून निघाल्या आणि ७ जानेवारीला टिंबक्टूला पोहोचल्या. पण त्या गाड्यांना मागे चाकं नव्हतीच. तिथे रबरी पट्टे होते, रणगाड्यासारखे. थेरेसा आणि ब्लेंक (फ्लॉरेन्सला ती याच नावाने हाक मारी) निघाल्या त्या नेहमीच्या रबरी टायरांवर, अल्जिअर्सहून होगार पर्वताच्या दिशेने. आधी अ‍ॅटलास पर्वत, मग एल गोलेआ, इन सालाह आणि सुमारे १,४०० मीटर उंचीवरचं तामानरासेत. अल्जिअर्सपासून इथवरचं अंतर जवळपास २,००० किलोमीटर. पुढे आगादेझपर्यंतचा पट्टा अधिक उजाड होता. डिसेंबरात निघण्यामागे हिशेब होता: उन्हाळ्याच्या आत वाळवंट मागे टाकायचं. हिवाळ्यात दिवस सोसवतो, रात्री मात्र हाडं गोठतात.

तीन आगपेट्या, सहा आगपेट्या

वाळूत चाक रुततं ते गाडीच्या वजनामुळे, असं आपण सहज म्हणतो. अर्धंच खरं आहे ते. उंट काही हलका प्राणी नाही, तरी तो वाळूत बुडत नाही, कारण त्याचा पाय भाकरीसारखा पसरट असतो. प्रश्न वजन किती जागेवर पडतं याचा आहे.

समजा, एका चाकावर १०० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाबाची हवा आहे. पेट्रोल पंपावर आपण ज्याला अठ्ठावीस-तीस पौंड म्हणतो, तेवढी. तर जमिनीला टेकणारा टायरचा तुकडा ढोबळ मानाने ५० चौरस सेंटिमीटरचा होतो. तीन आगपेट्या शेजारी मांडाव्यात तेवढा. हवा निम्मी केली तर हाच तुकडा दुप्पट होतो, सहा आगपेट्यांचा. वजन तेवढंच राहिलं, पण वाळूवरचा दाब निम्मा झाला आणि रुतणारं चाक वर तरंगू लागलं. याच काळात राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर लिबियन वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन हिंडत होता. टायरमधली हवा कमी करणं, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवणं या युक्त्या त्याने तिथे पक्क्या केल्या आणि १९४१ मध्ये उडत्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. अभ्यासक ते आजही वापरतात.

मग सरळ हवा कमी करून का जाऊ नये? कारण पुढच्या वळणावर दगड असतात. मऊ टायर दगडावर आपटला की आतली ट्यूब धातूच्या कडेत चिमटते आणि फाटते. म्हणजे रेती आली की हवा सोडायची, दगड आले की हातपंपाने पुन्हा भरायची, तीही प्रत्येक चाकात, दिवसातून कितीही वेळा.

साइडकारचं दुखणं याहून वेगळं. साध्या मोटारसायकलचं मागचं चाक पुढच्या चाकाने दाबलेल्या रेषेतूनच जातं. वाळू एकदा दबली की दुसऱ्या चाकाला कमी त्रास. साइडकारचं चाक बाजूला असल्याने ते स्वतःची वेगळी रेघ नांगरत जातं. मागच्या ट्रेलरची चाकं आणखी वेगळ्या रेघा ओढतात. एवढ्या नांगरांना ओढणारं चाक मात्र एकच, मोटारसायकलचं मागचं. शिवाय इंग्रजी साइडकार डाव्या अंगाला. ओढ उजवीकडून, अडथळा डावीकडून. त्यामुळे वाळूत गाडी सतत डावीकडे वळू पाहते आणि चालवणारीचे खांदे दिवसभर हँडलशी कुस्ती खेळतात. ट्रकच्या चाकोऱ्यांचा आधार घ्यावा, तर त्यांच्या मापात ही गाडी बसत नाही. एक चाक चाकोरीत घालावं, तर दुसरं भुसभुशीत उंचवट्यावर.

तरीही साइडकार घेण्यात शहाणपण होतं. दुचाकीला तोल सांभाळायला वेग लागतो. खोल रेतीत चालण्याच्या गतीने जावं लागलं तर ती आडवी होते, आणि सामान लादलेली गाडी वाळूतून उचलणं हा एक वेगळाच छळ. साइडकारवाली गाडी उभीच राहते. तंबू, हत्यारं, सुटे भाग, पेट्रोल, पाणी, भांडी एवढं सगळं महिनोन्‌महिने वाहायचं तर दोन चाकांवर ते जमलं नसतं.

रस्त्याला पडणाऱ्या वळ्या

रेव असलेल्या कठीण वाटेवर आणखी एक पीडा असते. गोठ्यावरच्या पत्र्याला असतात तशा आडव्या वळ्या जमिनीवर एकामागून एक येतात, मैलोन्‌मैल. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावरही त्या पडतात. फ्रेंच लोक या वळ्यांना पत्र्याचंच नाव देतात.

या वळ्या का पडतात, याबद्दल पुष्कळ तर्क होते: गाड्यांच्या स्प्रिंगा, टायर, वारा, इंजिनाची धडधड. ऑस्ट्रेलियात कीथ मॅथर यांनी यावर प्रयोग केले आणि १९६३ मध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. २००९ मध्ये टोरंटो, ल्यों आणि केंब्रिज इथल्या संशोधकांनी वाळूच्या गोल फिरत्या थाळीवर एक चाक सोडून पाहिलं. चाकाला स्प्रिंग असो-नसो, ते एका ठरावीक वेगापुढे गेलं की वाळूत वळ्या पडतातच. त्या वेगाखाली जमीन सपाट राहते. चाक एखाद्या बारीक उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथे खड्डा पाडतं आणि त्या खड्ड्यापुढे नवा उंचवटा तयार होतो. तळ्यात चपटा दगड भिरकावल्यावर तो टप्पे घेत जातो, त्याचाच हा भाऊबंद. तो वेग इतका कमी निघाला की वळ्या टाळायच्या तर सगळ्यांनी अगदी सावकाश जायला हवं.

यावर वाहनचालकांचा तोडगा उलटा आहे. इतक्या वेगाने जायचं की चाकं वळ्यांच्या माथ्यांना स्पर्श करत निघून जातील. मोटारीला ते जमतं. मागे स्प्रिंग नसलेल्या आणि ट्रेलर जोडलेल्या मोटारसायकलला ते जमणं कठीण. तिच्या नशिबी हळू जाणं आणि प्रत्येक वळीचा दणका घेणं. दणक्यांनी नट सैल होतात, बारीक चिरा पडतात, आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो गाडी आणि ट्रेलर यांच्या सांध्याला, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी उसळतात. थेरेसा आणि ब्लेंक यांच्या ट्रेलरचा सांधा वाटेत तुटला, जोडला गेला आणि पुन्हा तुटला.

पाठीमागून येणारा वारा

आगादेझच्या अलीकडे पँथरच्या इंजिनाने मान टाकली.

हवेवर थंड होणारं इंजिन वाळवंटात का दमतं, ते समजून घेण्यासारखं आहे. अशा इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो. पळताना समोरून येणारा वारा सिलिंडरच्या पंखांवरून जातो आणि उष्णता घेऊन जातो. खोल वाळूत गाडी पहिल्या गिअरमध्ये असते. इंजिन जोरात फिरत असतं, उष्णता भरपूर निघते, पण गाडी पुढे जाते ताशी दहा-पंधरा किलोमीटरने. त्यात हिवाळ्यात सहारावरून ‘हरमॅटन’ नावाचा कोरडा वारा ईशान्येकडून वाहतो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीवर येतो. गाडीही ताशी पंधरा, वाराही ताशी पंधरा, तर इंजिनाच्या लेखी हवा जागच्या जागी उभी! चेहऱ्यावर ऊन सोसणाऱ्याला पाठीवरचा वारा बरा वाटेल, इंजिनाला तो वैऱ्यासारखा.

दुसरा शत्रू धूळ. हरमॅटनची धूळ पिठासारखी बारीक असते. ती इंजिनात शिरली आणि तेलात मिसळली की फिटर व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. फरक एवढाच, की ही पेस्ट थांबायचं कधी ते जाणत नाही. तापलेलं तेल आधीच पातळ झालेलं असतं. पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग सगळं झिजत जातं आणि एक दिवस आवाज बदलतो. यंत्रावर कान असलेल्या माणसाला तो आवाज ताप चढलेल्या मुलाच्या श्वासासारखा कळतो.

आगादेझला इंजिन आख्खं उतरवावं लागलं, आणि थेरेसाने ते पुन्हा बांधलं. मराठीत मेकॅनिक ‘इंजिन बांधलं’ म्हणतात, तो शब्द इथे चपखल बसतो. सिलिंडरच सांगाड्याचा आधार असलेल्या गाडीत इंजिन काढणं म्हणजे घराचा खांब काढण्यासारखं. आज गावोगावी ज्या कामाला दुकान, वीज, क्रेन आणि एक पोरगा हाताखाली लागतो, ते काम वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात झालं आणि गाडी पुढे निघाली.

१९५२ साली एर्नेस्तो गेव्हारा (पुढचा चे) आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो ५०० सीसीच्या जुन्या नॉर्टनवर दक्षिण अमेरिकेत निघाले होते. त्यांची गाडी चिलीत कायमची बंद पडली. त्यांनी ती सोडून दिली आणि ट्रक, जहाज, पाय जे मिळेल त्याने प्रवास चालू ठेवला. चिलीत हे शक्य होतं, कारण वाटेवर गावं होती, माणसं होती. तामानरासेतच्या दक्षिणेला गाडी सोडून देणं ही निवडच नव्हती.

ढकलणारीने चालत यायचं

आता सोबतीचा प्रश्न. अशा प्रवासात मैत्रीण असण्याचा अर्थ सगळ्यात स्पष्ट कळतो तो गाडी रुतल्यावर.

रुतलेली गाडी काढायला दोन कामं एकाच क्षणी व्हावी लागतात. एकीने क्लच आणि थ्रॉटल बेताने सांभाळायचा. जरा जास्त दिला की चाक जागीच फिरतं आणि आणखी खोल जातं. दुसरीने त्याच वेळी मागून रेटायचं. एकट्या माणसाला ही दोन्ही कामं करता येत नाहीत, मग तो कितीही बळकट असो. आणि गाडी एकदा सुटली की चालवणारीने थांबायचं नाही. थांबली की तिथेच पुन्हा रुतणार. कडक जमीन लागेपर्यंत, अर्धा किलोमीटर असो की एक, ती जात राहते. ढकलणारी मागून, घोट्यापर्यंत वाळूत, चालत येते. पुढच्या वेळी जागा बदलतात.

वाळवंटी प्रवासाचा हा अलिखित नियम आहे आणि त्यात मैत्रीची कसोटी आहे. मागून चालणारीला खात्री हवी की पुढची थांबलेली असेल. पुढचीला ठाऊक हवं की मागची रागावलेली नसेल. निदान पाणी पिईपर्यंत तरी नाही. महिनोन्‌महिने एकच तंबू, एकच चूल, एकच पाण्याची टाकी, आणि वाटेत बोलायला तिसरं कोणी नाही. अशा वेळी मोठी भांडणं मोठ्या कारणांवरून होत नाहीत. पाना जागेवर ठेवला की नाही, एवढ्यावरून होतात.

तांबडी माती

सहारा संपल्यावर सुख लागलं असतं असं वाटेल, पण पुढे विषुववृत्ताकडचं अरण्य होतं आणि तिथले रस्ते तांबड्या मातीचे. कोकणातल्या माणसाला ही माती सांगायला नको. मध्य आफ्रिकेतली ती जमीन आपल्या जांभ्याचीच सख्खी बहीण. उष्ण, ओल्या हवेत खडकातलं बाकी सगळं धुऊन जातं आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरतं, तेव्हा हा लाल थर तयार होतो. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक आणि वर लाल फुफाटा. पाऊस पडला की वरचा पापुद्रा साबणासारखा निसरडा होतो. वाळूत चाक खाली जात होतं, इथे ते आडवं जातं. साइडकार आता उपयोगी पडली, कारण तिसऱ्या चाकामुळे गाडी घसरली तरी पडत नव्हती. पण चिखल मडगार्डमध्ये भरून चाकंच अडकवतो, तेव्हा काडी घेऊन तो कोरत बसण्याला पर्याय नसतो.

बेल्जियन काँगो, मग पूर्व आफ्रिका. टांगानिकात एका मोटारीशी टक्कर झाली. वाहनं मोजून दिसणाऱ्या त्या मुलखात. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा वाट. ऱ्होडेशिया ओलांडून २९ जुलै १९३५ रोजी त्या केपटाउनला पोहोचल्या. लंडन सोडून २३० दिवस झाले होते. मोटारसायकलवर सहारा उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करून आफ्रिकेच्या टोकापर्यंत त्यांच्याआधी कोणी गेलेलं नव्हतं.

तिथे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. थेरेसा जहाजाने परतली, ब्लेंकने जमिनीवरून उत्तरेचा रस्ता धरला.

दुसऱ्या महायुद्धात थेरेसाने लष्करात संदेशवाहक आणि मेकॅनिक म्हणून काम केलं. युद्धानंतर ती अमेरिकेत गेली, मोटारसायकलवर तो देश हिंडली आणि शिकागोत तिने गाड्यांचं दुकान काढलं. १९७० मध्ये तिचं मोटारसायकल शिकवणारं पुस्तक आलं आणि पुढे फीनिक्स शहरात तिने शाळाच उघडली. शिकायला येणाऱ्या नवख्यांना क्लच कसा सोडायचा, तोल कसा राखायचा हे ती शिकवी. ३० एप्रिल १९९९ रोजी, तिच्या नव्वदाव्या वाढदिवशीच, ती गेली.

आफ्रिकेच्या प्रवासाची तिने लिहिलेली हकिगत छापून आली ती २००१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो ‘खडबडीत रस्ता’. तामानरासेत ते आगादेझ या पट्ट्यात रस्ता नव्हताच. होत्या त्या ट्रकच्या चाकोऱ्या, वाऱ्याने पुसून पुन्हा पडणाऱ्या, आणि त्यांना छेदत गेलेल्या पँथरच्या वेड्यावाकड्या रेघा. त्या रेघांशेजारी माणसाच्या पावलांचीही एक ओळ असणार, कधी थेरेसाची, कधी ब्लेंकची.